पंगतीतलं गाळलेलं पान: एका भयपटाच्या सेटवरचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका मराठी मानसशास्त्रीय भयपटाच्या चित्रीकरणात घडलेलं हे प्रकरण. जागा सातारा जिल्ह्यातलं एक बंद पडलेलं वसतिगृह, महिना मे, चित्रीकरण सलग २४ दिवसांचं ठरलेलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलांना त्यांच्या भूमिकांच्या नावांनीच ओळखू, म्हणजे बाळ्या, म्होरक्या, चष्मिष आणि बाकीचे चौघे.

गोष्ट साधी आहे. आठवीतला बाळ्या अधीक्षकांना एका चोरीबद्दल खरं सांगतो. त्या रात्री म्होरक्या जाहीर करतो, 'बाळ्या मेला.' मग खेळाचे नियम ठरतात. त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याने हाक मारली तरी वळायचं नाही, पंगतीत त्याचं पान मांडायचं नाही, चुकून धक्का लागला तर आंघोळ करायची. दहाव्या दिवशी मुलं नदीवर त्याचा पिंड ठेवतात आणि कावळा लगेच शिवतो. तिथून पुढे आपण खरंच आहोत की नाही, हे बाळ्यालाच कळेनासं होतं. सिनेमात भूत कुठेही नाही.

आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली वेगळा कायदाच केला. लेखकाला गोष्ट सुचली ती मात्र जपानवरून. १९८६ साली टोकियोच्या नाकानो भागातल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली. त्याआधी वर्गात त्याची 'अंत्ययात्रा' खेळली गेली होती. शोकसंदेशाच्या पुठ्ठ्यावर वर्गातल्या मुलांच्या सह्या होत्या, आणि चार शिक्षकांच्याही. पटकथेच्या पहिल्या पानावर लेखकाने ही चार सह्यांची नोंद टाचून ठेवली होती. युनिटमधल्या बहुतेकांनी ती वाचलीही होती.

मुलं सात, वय बारा ते चौदा. चौदा वर्षांखालच्या मुलांना सिनेमात घ्यायचं तर बालकामगार कायद्याचे २०१७ चे सुधारित नियम लागू होतात. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमती लागते. काम दिवसाला पाच तासांपुरतं, त्यातही विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. सलग २७ दिवसांहून जास्त काम देता येत नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमावा लागतो, आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत टाकावा लागतो. कागद सगळे नीट होते. सात मुलांना दोन जबाबदार माणसं हवीत म्हणून दोन नावं दिली होती: मुलांची कार्यशाळा घेणाऱ्या ताई आणि दुसरा सहायक दिग्दर्शक. हा सहायक दिवसभर क्लॅप, कॉल शीट आणि जनरेटरवाल्याचे फोन यांतच अडकलेला असे. म्हणजे सातही पोरं प्रत्यक्षात एकट्या ताईंच्याच गळ्यात.

अडचण कशी उभी राहिली

कार्यशाळेतच दिग्दर्शकाने दोन गोष्टी ठरवल्या. बाळ्याची राहण्याची सोय वेगळी, आईसोबत वरच्या खोलीत. बाकी सहा जण खालच्या मोठ्या हॉलमध्ये गाद्या टाकून. आणि मधल्या सुट्टीतही सहाही जणांनी बाळ्याशी फार बोलायचं नाही, 'म्हणजे एकटेपणा चेहऱ्यावर आपोआप येईल.' तो आला. तिसऱ्या दिवशीचे रशेस, म्हणजे संकलनाआधीचं कच्चं चित्रण, बघून सगळे खूश होते.

सेटवर हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: मुलांना माहीत आहे की हे खोटं आहे, मग त्रास कसला? याचं उत्तर संशोधनात आहे. किप्लिंग विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावरचा चेंडूफेकीचा एक साधा खेळ वापरून बरेच प्रयोग केले. दोन खेळाडू आपसातच चेंडू टाकत राहतात, तिसऱ्याकडे येऊ देत नाहीत. २००४ च्या प्रयोगात काही जणांना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, संगणक खेळतोय. तरी वगळलं गेल्याचं त्यांना तेवढंच लागलं. इथे तर समोर संगणकही नव्हता, खरी सहा पोरं होती आणि नियम मोठ्यांनी घालून दिलेला होता.

आणखी एक बारकावा परवानगीच्या कागदावर दिसत नव्हता. म्होरक्याने चौदावं वर्ष नुकतंच पूर्ण केलं होतं, म्हणजे कायद्याच्या भाषेत तो 'बालक' नव्हता. त्यामुळे पाच तास झाले की इतर मुलं सुटत आणि म्होरक्याला संध्याकाळच्या शॉटसाठी ठेवून घेत. तो मोठ्यांसोबत चहा प्यायचा, ट्रॉली ढकलायचा, कॅमेऱ्याच्या पोरांचा लाडका झाला होता. रात्री हॉलमध्ये तो परतायचा ते उद्याच्या बातम्या घेऊनच. सहा जणांत त्याचं वजन वाढलं ते युनिटच्या वेळापत्रकाने.

ताईंच्या वहीत पाचव्या दिवसापासून नोंदी आहेत. बाळ्या जेवायला स्पॉटदादांजवळ (सेटवर चहापाणी आणि सामान बघणारे) बसतो. कॉलच्या आधी अर्धा तास पोटात दुखतं, पॅकअपनंतर दुखत नाही. एका मुलाच्या फोनवर सगळ्यांचा ग्रुप आहे, त्यात बाळ्या नाही. मेकअपच्या खुर्चीत आरशासमोर बसून त्याने विचारलं, 'ताई, मी मधूनच दिसेनासा झालो तर कंटिन्युइटी जाईल ना?' (कंटिन्युइटी म्हणजे एका शॉटपासून दुसऱ्यापर्यंतची सलगता.) मेकअपवाली हसली. तिला तो विनोद वाटला.

पाचव्या दिवशीच बाळ्याच्या आईच्या हाती पूर्ण पटकथा पडली. संमती घेताना पालकांना एक पानी गोषवारा दिला होता, 'वसतिगृहातल्या मुलांची मैत्री आणि भीती यांची गोष्ट.' दहाव्याचा प्रसंग त्यात नव्हता. ती सरळ दिग्दर्शकासमोर जाऊन उभी राहिली. 'जित्या पोराचा दहावा घालताय व्हय?' तिची समजूत काढली गेली, निर्णय पुढे ढकलला.

सातव्या दिवशी दुपारी पंगतीचा प्रसंग झाला: वरणाची बादली बाळ्याच्या डोक्यावरून पलीकडे जाते, ओगराळं त्याच्यासमोर एक क्षण थांबतं आणि पुढे सरकतं. अकरा टेक झाले. मग जेवणाची सुट्टी. खऱ्या पंगतीत म्होरक्याने पापडाचं ताट उचललं, एकेकाला पापड देत आला, बाळ्यापाशी हात थबकवला आणि ताट त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या मुलाला दिलं. अगदी टेकमधल्यासारखंच. पोरं हसली, एक लाइटवालाही हसला. आणि दुसऱ्या सहायकाने, म्हणजे कागदावरच्या त्या जबाबदार माणसाने, 'मेकिंगला (पडद्यामागच्या चित्रफितीला) भारी आहे' म्हणून ते मोबाइलवर टिपलं. बाळ्या उठून ताट घासायला गेला. ताटात भात तसाच होता.

समोर असलेले पर्याय

त्या दुपारी निर्माता, दिग्दर्शक आणि ताई तासभर बसले. पाच वाटा चर्चेत आल्या.

पहिली म्हणजे काहीच न करणं. बाळ्याचे अवघड प्रसंग आणखी चार दिवसांत संपणार होते आणि 'रंग आलाय, आता हात लावू नका' हे मत एकट्या दिग्दर्शकाचं नव्हतं. या वाटेची किंमत पूर्णपणे एका बारा वर्षांच्या मुलाने मोजायची होती, एवढाच तिचा दोष. बाळ्याला बदलणं म्हणजे सात दिवसांचं काम फेकणं, शिवाय ज्याला वगळलं त्यालाच घरी पाठवणं. म्होरक्याला काढलं तरी पैशांचं गणित तेच. पण त्याहून मोठी अडचण अशी की मग सिनेमाची गोष्ट सेटवर शब्दशः खरी झाली असती: बाळ्यामुळे म्होरक्या गेला, बाळ्याने चुगली केली.

चौथी वाट निर्मात्याची, आणि शाळांमध्ये बहुतेकदा हीच घेतली जाते: सगळ्यांना एकत्र बसवा, म्होरक्याला सॉरी म्हणायला लावा, हात मिळवा, आइस्क्रीम मागवा. ताईंनी ठाम विरोध केला. सगळ्यांसमोर माफी मागायला लावलेलं पोर अपमान लक्षात ठेवतं आणि रात्री हॉलमध्ये तो फेडतं. त्या हॉलमध्ये मोठं माणूस झोपत नव्हतं. एरवी मवाळ असलेल्या ताई इथे अडून बसल्या नसत्या तर बहुधा आइस्क्रीमच आलं असतं.

पाचवी वाट म्हणजे तो उरलेला दिवस आणि पुढचा पूर्ण दिवस काम थांबवायचं, मुलांशी एकेकट्याने बोलायचं आणि उरलेले प्रसंग वेगळ्या पद्धतीने टिपायचे. नुकसान दीड दिवसाचं, पण सलग २७ दिवसांच्या मर्यादेत बसत होतं. ती निवडली गेली.

काय केलं

सुरुवात मोठ्यांपासून झाली, हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्रम. आधी तो मोबाइलवरचा व्हिडिओ पुसला आणि सहायकाच्या जागी मुलांसाठी दुसरी स्वतंत्र व्यक्ती साताऱ्याहून बोलावली. मग दिग्दर्शकाने सातही मुलांना सांगितलं: 'सुट्टीत बोलायचं नाही हा नियम माझा होता. तो चुकला. आजपासून बंद.' दीड मिनिटाचं बोलणं, पण ते आधी झालं नसतं तर पुढच्या संभाषणांत मुलांना मोठ्यांनीच सांगितलेल्या गोष्टीचा जाब द्यावा लागला असता.

एकेकट्याने बोलायची पद्धत स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ अनातोल पिकास यांची. तिचे नियम मोजके आहेत. सुरुवात पुढाकार घेणाऱ्या मुलापासून करायची. ज्याला त्रास झाला त्याच्याशी नंतर बोलायचं, म्हणजे त्याने तक्रार केली असं कुणाला वाटत नाही. एकाशी बोलणं संपलं की त्याला बाकीच्यांत न सोडता पुढच्याला बोलवायचं. 'तू काय केलंस' हा प्रश्न विचारायचाच नाही. सहाही संभाषणं एकाच दुपारी, प्रत्येकी सात ते दहा मिनिटांत उरकली. म्होरक्याचं असं झालं:

'बाळ्याचं सध्या कसं चाललंय, तुला काय दिसतं?'

'काय नाय. मस्त चाललंय.'

ताई गप्प राहिल्या. इथे घाईने पुढचा प्रश्न विचारला की सगळं हातचं जातं.

'जेवत नाय तो नीट.'

'मग काय करता येईल?'

'उद्या मी पानं मांडतो.' थोड्या वेळाने, 'सगळ्यांची.'

चष्मिषचं संभाषण सगळ्यात लांबलं. तो कधी हसलाही नव्हता आणि कधी बोललाही नव्हता, फक्त ताटाकडे बघत बसायचा, आणि याचाच त्याला त्रास होत होता. फिनलंडच्या ख्रिस्तिना साल्मिवल्ली यांनी १९९६ साली छळातल्या भूमिका वेगळ्या करून दाखवल्या, त्यांत हसून बळ देणारे आणि बाजूला राहणारे असे दोन गट आहेत. सेटवर मोठी माणसंही या दोन्ही गटांत होती. लाइटवाल्याशी बोलायचं राहून गेलं.

राहण्याची व्यवस्थाही बदलली. बाळ्या खाली हॉलमध्ये आला. नवीन नेमलेली व्यक्ती हॉलच्या दाराशी झोपू लागली. म्होरक्याचा कॉलही पाच तासांचा झाला, कायदा मागत नसला तरी.

मग चित्रीकरण. पंगतीचे दोन शॉट अजून बाकी होते, तिथेच नवी पद्धत लावली. मुळात अकरा टेक लागले ते एकाच मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सबंध प्रसंग सलग टिपणाऱ्या शॉटमध्ये, सगळं मिळवायच्या हट्टापायी. आता प्रसंगाचे तुकडे केले. सगळी मुलं एकत्र असलेला वाइड शॉट, जास्तीत जास्त तीन टेक. बाळ्याचा क्लोजअप सेटवर दुसरं एकही पोर नसताना: बादली आणि ओगराळं धरणारा हात स्पॉटदादांचा, त्यावर गणवेशाची बाही चढवलेली, नजरेसाठी स्टँडवर लाल टेपचे दोन ठिपके. मुलांचे चेहरे टिपताना बाळ्याच्या जागी वाळूची पिशवी आणि तिच्यावर टोपी. बाळ्या तेव्हा वर कॅरम खेळत होता. हसणं वाइल्ड ट्रॅकवर, म्हणजे कॅमेऱ्याशिवाय नुसता आवाज टिपून, वेगळं घेतलं, एका भलत्याच विनोदावर. संकलनात हे सगळं बेमालूम जुळलं, इतकं की अकरा टेकमधला एकही वापरावा लागला नाही.

थांबायचा शब्द ठरवला 'थप्पा.' लपंडावातला असल्याने तो मुलांच्या तोंडात होता आणि ओरडायला लाज वाटत नव्हती. कुणीही थप्पा म्हटलं की कॅमेरा बंद, कारण विचारायचं नाही. उरलेल्या दिवसांत तो तीनदा वापरला गेला. त्यातला एकदा केवळ चालतो का ते बघायला, आणि तेव्हाही थांबले हे बरंच झालं.

पॅकअपनंतर दहा मिनिटं भूमिका उतरवण्यासाठी राखली. खाकी चड्डी आणि सदरा काढून भूमिकेच्या नावाच्या हँगरला लावायचा, हातपाय धुवायचे, घरचे कपडे घालून गोलात उभं राहायचं आणि शेजाऱ्याला त्याच्या खऱ्या नावाने काहीही एक सांगायचं. पहिल्या दिवशी खिदळण्यात गेली, तिसऱ्या दिवसापासून मुलंच आठवण करू लागली.

एक उपाय फसला. प्रत्येकाने दोन मिनिटं 'मेलेल्याच्या' जागी बसून बघायचं, असा खेळ ठेवला होता. म्होरक्या त्या जागी बसून नुसता हसला. दुसरा एक मुलगा मात्र रडायला लागला. त्याच्या शाळेत त्याच्याबरोबर हेच झालं होतं आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ताईंनी खेळ तिथेच बंद केला, त्याच्या घरी फोन करून पालकांना बोलावून घेतलं. कुणाचं काय मागचं आहे ते माहीत नसताना असले अदलाबदलीचे खेळ घेऊ नयेत, हे प्रशिक्षणात सांगितलेलं असतं आणि तरी ते घेतले जातात, कारण कागदावर छान दिसतात.

दहाव्याचा प्रसंग

आईच्या आक्षेपाला 'अंधश्रद्धा' म्हणून बाजूला सारायचा मोह युनिटमधल्या काहींना झाला. तिचा मुद्दा त्याहून साधा होता: तिला न सांगता तिच्या मुलाकडून हे करवून घेतलं जाणार होतं. दिग्दर्शकाने प्रसंग तिच्यासमोर ओळीओळीने वाचला आणि तिने तीन अटी घातल्या. पिंड ठेवताना पोरगा घाटावर नसेल. मंत्र आणि गोत्र म्हणायचं नाही. पिंड भाताचा नको. तिन्ही मान्य झाल्या. पिंड शाडूचा केला, मंत्रांच्या जागी नदीचा आणि मुलांच्या श्वासाचा आवाज ठेवला, कावळा नंतर संगणकावर आला. पटकथेत या प्रसंगाला पानभर संवाद होते. ते गेल्याने प्रसंग जास्त अंगावर येतो, हे आता लेखकही मान्य करतो.

परिणाम

चित्रीकरण २६ दिवसांत संपलं. बाळ्याचं पोटदुखणं दहाव्या दिवशी थांबलं. ताईंनी घरी गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात, महिन्याने आणि तिसऱ्या महिन्यात फोन केले. पहिल्या फोनच्या वेळी त्याला अजून दिवा चालू ठेवून झोपावं लागत होतं, दुसऱ्याच्या वेळी नाही. चष्मिष आणि तो अजून संपर्कात आहेत. म्होरक्याने शब्द दिल्याप्रमाणे पानं मांडली, शेवटच्या दिवसापर्यंत. पण तो बदलला असं म्हणायला ताई तयार नाहीत; अठराव्या दिवशी त्याने एका स्पॉटबॉयची नक्कल करून सगळ्यांना हसवलं, त्या पोराला सोसवेना इतकं.

टीझरच्या पहिल्या कटमध्ये पिंडाचा शॉट होता. आईने फोन केला: जूनमध्ये शाळा सुरू होईल, तिथली पोरं याला 'मेलेला' म्हणतील. शॉट काढला. वितरकाला ते आवडलं नाही. प्रमाणपत्रासाठी 'यूए १६+' गटाची (सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं मार्गदर्शन) तयारी ठेवली आहे. 'ए' (फक्त प्रौढांसाठी) मिळालं तर काम केलेल्या मुलांनाच चित्रपटगृहात बसता येणार नाही, म्हणून संकलनात दोन जागी हात आखडता घेतला.

वेगळं काय करता आलं असतं

संमती पूर्ण पटकथेवर घ्यायला हवी होती, अवघड प्रसंग कसे टिपणार हे लिहून देऊन, पालक आणि मुलगा दोघांची. एक पानी गोषवाऱ्याने वाचवलेल्या वेळापेक्षा जास्त वेळ पाचव्या दिवशी गेला.

मुलांसाठी नेमलेल्या माणसाला दुसरं काम नको, आणि शॉट थांबवायचा अधिकार त्याच्याकडे दिग्दर्शकाच्या परवानगीशिवाय हवा. ताईंकडे तो सातव्या दिवसापर्यंत नव्हता, म्हणून नोंदी वहीत राहिल्या. पाचव्या दिवशीच्या नोंदींवर काम थांबलं असतं तर अर्ध्या दिवसात भागलं असतं असं त्यांचं मत आहे. दिग्दर्शकाच्या मते तेव्हा कुणी ऐकलं नसतं. दोघांचंही बरोबर असावं.

प्रसंगांचे तुकडे सुरुवातीलाच पाडता आले असते. त्याला जास्तीचा खर्च नाही, फक्त शॉट डिव्हिजन, म्हणजे प्रसंगाची शॉटवार यादी, करताना एक रकाना वाढतो: या शॉटला बाळ्या समोर असणं गरजेचं आहे का? पंगतीच्या प्रसंगात नऊपैकी दोनच शॉटना गरज होती.

सेटवर मोबाइलवरून मेकिंग टिपायला आता बंदी आहे. पण जेवणाच्या सुट्टीत ती कोण पाळतं हे बघायला कुणी नेमलेलं नाही.

डबिंगच्या दिवशी बाळ्याने पंगतीचा प्रसंग आवाजाशिवाय दोनदा मागे घेऊन पाहिला. ओगराळं त्याच्यासमोर थांबतं तिथे पडद्याला बोट लावून म्हणाला, 'हे स्पॉटदादांचं मनगट. घड्याळाचा वळ दिसतोय बघा.' वळ खरंच दिसत होता. तो शॉट रंगसंस्काराला परत पाठवावा लागला.